फोनची निगा आणि आमची शोभा

फोन हातातून पडला की फुटतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हातातून न पडलेला, बादलीत न बुडालेला, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर घडी घातलेल्या नॅपकिनवर निवांत पहुडलेला फोन निव्वळ काळजी घेऊन कायमचा झोपवता येतो, हे सिद्ध करणारा माणूस आमच्या इमारतीत एकच आहे. तो मी.

गैरसमज नको. मी काही वेंधळा माणूस नाही. नोंदणी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि माझ्या टेबलावरच्या स्टेपलरलासुद्धा दोरी बांधलेली आहे. वस्तू जपण्याच्या बाबतीत खात्यात माझा शब्द प्रमाण मानतात. निदान मागे कोणी उलट बोलल्याचं माझ्या कानावर तरी आलेलं नाही. घरातही तोच खाक्या. आमच्याकडे फोन एकच. 'दोन कशाला हवेत, एक नीट सांभाळला की पुरतो,' हे माझं मत. बायकोचं मत काय आहे ते मी विचारलेलं नव्हतं, त्यामुळे आमच्यात मतभेद नव्हते.

फोनच्या काचेवर काच होती, त्या काचेवर मूळचं प्लास्टिक होतं, पाठीला रबरी कव्हर, कव्हरवर चेनचं पाऊच आणि पाऊचला गळ्यात अडकवायची दोरी. एवढं सगळं काढून बोलेपर्यंत समोरचा माणूस फोन ठेवून द्यायचा, पण ज्याला खरंच काम असतं तो पुन्हा करतोच. नियमही साधे होते. हात धुऊन, पुसून, मगच फोनला लावायचा. चार्जिंगला असताना उचलायचा नाही, स्फोट होतो. चार्जिंग संपल्यावर लगेच उचलायचा नाही, तो तापलेला असतो, त्याला जरा निवू द्यायचं. स्वयंपाकघरात न्यायचा नाही, वाफ लागते. गॅलरीत न्यायचा नाही, ऊन लागतं, आणि सटकला तर तळमजल्यावरच्या वकिलांच्या टकलावर पडून नसता खटला उभा राहायचा.

"मग उचलायचा तरी कधी?" बायकोनं एकदा विचारलं होतं.

"इतर वेळी."

"ती कधी असते?"

असल्या प्रश्नांना उत्तरं देत बसलं तर संसार व्हायचा नाही, म्हणून मी पेपर वाचायला घेतला.

तर आता मुद्द्याचं. मुलींना हातकाम शिकवणाऱ्या एका संस्थेत शिवण शिकवायला बाई हव्या होत्या. माझी बायको शिवणात तरबेज. लग्नाआधी रीतसर परीक्षा पास झालेली. लग्नानंतर मात्र तिची सगळी विद्या शेजाऱ्यांच्या उशांचे अभ्रे, पडदे आणि माझ्या तुटलेल्या गुंड्या यांच्यातच खर्ची पडली. तिनं अर्ज केला, मुलाखत दिली, आणि उरल्या दोघीच. एक ही आणि दुसऱ्या कोणी अनुभवी बाई. संस्थेच्या प्राचार्याबाईंनी सांगितलं, "मंगळवारी सकाळी फोन करीन. त्याच दिवशी येऊन प्रत्यक्ष शिकवून दाखवायचं. फोन लागला नाही तर मात्र मी थांबणार नाही हं, दुसऱ्या बाईंना घेऊन टाकीन."

सोमवारी जेवताना बायको मला म्हणाली, "मला ही नोकरी हवीय. फार हवीय हो."

माझी बायको 'हवंय' हा शब्द वापरत नाही. साधी चप्पल घ्यायची तरी 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणते. त्यामुळे घास माझ्या हातातच राहिला. मनातल्या मनात मी शपथ घेतली, की काय वाट्टेल ते होवो, उद्या हा फोन वाजणार, आणि वाजल्यावर उचलला जाणार. फोनसाठी मी चक्क किरकोळ रजा टाकली. आमच्या खात्यात लोक सासऱ्यासाठीसुद्धा टाकत नाहीत.

मंगळवारी सकाळी बायकोनं नमुन्याचं काम शिवायला घेतलं. आतल्या खोलीत जाताना म्हणाली, "तुम्ही फक्त फोनजवळ बसा. काही करू नका."

एवढी एकच गोष्ट मला जमण्यासारखी नव्हती.

अर्धा तास मी फोनकडे बघत बसलो. आता एखाद्या गोष्टीकडे इतका वेळ टक लावून बघितलं की तिच्यात खोट दिसणारच. बायकोच्या बाबतीत माझ्या आईला तीच सवय होती. चार्जरची पिन जिथे जाते त्या भोकात मला बारीकसा कापूस दिसला. नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आमचा पेपर वाचायला आले. ते रोज येतात. हयातभर त्यांनी पूल बांधले. त्यांनी बांधलेल्या पुलांवरून ते स्वतः जात नाहीत म्हणतात, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

त्यांनी फोन उजेडात धरला आणि मान हलवली. डॉक्टर अशी मान हलवतात तेव्हा नातेवाईक खुर्ची शोधतात.

"मळ साचलाय. फोन ऐन वेळी दगा देतात ते याच्यामुळेच. टूथपिक आहे का घरात?"

"आज नको," मी म्हटलं. "आज महत्त्वाचा फोन यायचाय."

"म्हणूनच तर आज!" इंजिनिअर म्हणाले, आणि मला ते पटलं. टूथपिक आत गेली. बाहेर आली तेव्हा तिला टोक नव्हतं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आतल्या खोलीत शिलाई मशीन खडखडत होतं तोवर ठीक होतं. ते थांबलं.

"काय चाललंय?" आतून आवाज आला.

"काही नाही, फोनजवळ बसलोय!" मी ओरडून सांगितलं. मशीन पुन्हा सुरू झालं.

इंजिनिअरांनी गॅलरीतून हाक मारून तळमजल्यावरच्या वकिलांना वर बोलावलं. का, ते अजून मला समजलेलं नाही. वकिलांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, 'टूथपिक कोणाची होती?' हा प्रश्न तीनदा फिरवून फिरवून विचारला, आणि निकाल दिला की टोक हवेनं बाहेर येईल. डॉक्टरांनी व्यायाम सांगितल्यापासून त्यांच्याकडे सायकल आहे. तिच्यावर ते कधी बसत नाहीत, पण हवा मात्र रोज भरतात. ते पंप घेऊन आले. मी फोन धरला, इंजिनिअरांनी नळी धरली आणि वकिलांनी कोर्टात कधी दाखवला नसेल एवढा जोर दाखवला. टोक हललं. आतल्या बाजूला.

"आता ते ओलं करून मऊ पाडायला हवं," इंजिनिअर म्हणाले.

"पाणी?" माझा जीव घाबराघुबरा झाला.

"पाणी काय म्हणता! स्पिरिट. लगेच उडून जातं. एक थेंब."

औषधांच्या डब्यातली स्पिरिटची बाटली मी काढली. एक थेंब टाकायचा म्हणून बाटली हळूच कलती केली आणि झाकणातलं बूचच निसटलं. पुढचं सांगायला नको. फोनवर एक त्रिकोण आला, त्रिकोणात एक थेंब आला आणि फोन किंचाळायला लागला. मी त्याला सोफ्याच्या उशीखाली दाबला. पुन्हा मशीन थांबलं.

"फोन आला का हो?"

"नाही नाही! मी... मी घसा साफ करत होतो!"

समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्यांना काही सांगावं लागत नाही, त्यांना आधीच ठाऊक असतं. "भिजलेला फोन तांदळात ठेवायचा," त्या म्हणाल्या. "माझ्या भाचीचा फोन विहिरीत पडलेला, तांदळात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी खणखणीत." फोन विहिरीतून वर कसा आला हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण ही वेळ नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात शिरलो असतो तर बायकोला चाहूल लागली असती, म्हणून काकूंनी स्वतःचा डबा आणून दिला. फोन आत पुरला. आम्ही चौघं डब्याभोवती बसून राहिलो.

पण काकू पडल्या टापटिपीच्या. तांदळात किडा होऊ नये म्हणून त्यांनी त्याला बोरिक पावडर चोळली होती, आणि तीही त्यांच्या स्वभावाप्रमाणे सढळ हातानं. स्पिरिटनं ओल्या झालेल्या फोनवर ती चिकटायची ती चिकटलीच. डबा उघडून फोन बाहेर काढला तर पीठ लावून लाटायला घेतल्यासारखा पांढराफेक. ज्या जाळीतून आवाज येतो ती बुजलेली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तिघांनी आळीपाळीनं दाबलं. काही नाही.

आणि मग एक चमत्कार घडला. इंजिनिअरांना आठवलं की वर दूध तापत ठेवलंय. वकिलांना पक्षकार आठवला. वकिलांकडे पक्षकार येतो ही मला त्या दिवशी मिळालेली नवीन माहिती. काकूंनी डबा उचलला आणि 'तांदूळ फुकट गेले' असं मला ऐकू जाईल इतपत पुटपुटत दार लावून घेतलं. राहिलो मी आणि तो पांढरा फोन, आणि आत खडखडणारं मशीन. ती जीव ओतून शिवत होती. मला अक्षरशः रडू फुटायचं बाकी होतं.

"जरा कोपऱ्यावर जाऊन येतो!" मी म्हटलं.

"आणि फोन?"

"बरोबर नेतोय. त्याला एकटं कसं सोडीन?"

कोपऱ्यावर 'सर्व प्रकारचे मोबाईल' अशी पाटी लावून बसलेला एक दुरुस्तीवाला आहे. त्यानं फोन नाकाशी नेला. "काय हो, दारू पाजलीत काय याला?" मग उघडूनही न बघता म्हणाला, "बोर्ड गेला." तो कशालाही बोर्ड गेला म्हणतो. आमच्या कार्यालयाचं भिंतीवरचं घड्याळ नेलं होतं तेव्हाही त्याचा बोर्डच गेला होता, आणि ते चावीचं होतं. "कंपनीच्या सेंटरला जा," म्हणाला. मी रिक्षा केली.

कंपनीचं सेंटर म्हणजे काचच काच. आत इतकं थंड की माणूस तक्रार विसरून शाल शोधेल. दाराशी वॉचमन, आत टोकनचं यंत्र, यंत्रापलीकडे काउंटरवर एक मुलगी. यंत्रानं माझा मोबाईल नंबर विचारला, मी दिला. यंत्र म्हणालं, आपल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे, तो टाका.

मी काउंटरवर गेलो. "अहो ताई, फोन बंद आहे."

"सर, आधी टोकन घ्या."

"टोकनला ओटीपी लागतो."

"मग तो टाका ना सर."

"तो फोनवर आलाय. फोन बंद आहे. बंद आहे म्हणून तर तुमच्याकडे आणलाय."

ती विचारात पडली. मला वाटलं, आता उजेड पडणार. "सर, फोन चालू करून बघितलात का?"

नियम म्हणजे नियम, हे मी स्वतः गेली कित्येक वर्षं खिडकीच्या आत बसून लोकांना सांगत आलो आहे. खिडकीच्या बाहेरून ते इतकं मूर्खपणाचं ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती. 'चालू फोन असलेले लोक तुमच्याकडे कशाला झक मारायला येतील?' असं जिभेवर आलं होतं, पण ते तिथंच ठेवून मी दाराशी येऊन उभा राहिलो. घामाघूम झालो होतो, त्या थंडीतसुद्धा.

"ओटीपी का?" वॉचमननं विचारलं. "रोज चारदोन जण इथंच उभे राहतात असे. द्या तुमचं कार्ड, घाला माझ्या फोनात."

त्याचा फोन बघून मला शहारा आला. काचेला इकडून तिकडे तडे, पाठीला रबरबँड, एक कोपरा दाढेनं चावल्यासारखा. पण त्याचं बटण दाबलं की तो लागत होता, आणि माझा जपलेला लागत नव्हता, त्यामुळे मी टीका केली नाही. त्यानं टोपीवरच्या बिल्ल्याची पिन काढली, माझं सिमकार्ड काढलं, स्वतःचं काढून ते बसवलं. मी मात्र बोलत होतो. बोलल्याशिवाय राहवेना. टूथपिक, पंप, स्पिरिट, तांदूळ, बायको, नोकरी, सगळं त्याला सांगून टाकलं. गृहस्थ कान देऊन ऐकत होता. ओटीपी आला. तो पाठ करत मी आत पळालो.

काउंटरवरच्या मुलीनं टाईप करायला घेतलं. "सर, काय प्रॉब्लेम झाला?" मी सांगितलं. "सर, तांदूळ या प्रकारात पर्याय नाहीये. धूळ लिहू का?" मी म्हटलं, लिहा बाई. "भिजलाय तो पाण्यात ना?" स्पिरिटमध्ये. "स्पिरिटलाही पर्याय नाहीये सर." ती शोधत होती, आणि माझं लक्ष सहज काचेबाहेर गेलं. वॉचमन त्याच्या फोनवर बोलत होता. चांगला ऐसपैस बोलत होता. एका हातानं काहीतरी वरखाली करून दाखवत होता. पंप मारतात तसं.

त्याच्या फोनात कार्ड माझं होतं!

मी धावलो. काचेचं दार आत ओढायचं ते मी बाहेर ढकललं, कपाळ आपटलं, आणि बाहेर पोचलो तेव्हा तो फोन ठेवत होता.

"कोण होतं?"

"बाई होत्या कोणी. संस्थेतून बोलत होत्या. तुम्ही कोण म्हणाल्या. मी म्हटलं, वॉचमन. तर म्हणतात, अगंबाई, फोनला वॉचमन ठेवलाय?"

"आणि? तुम्ही काय सांगितलंत?"

"जे तुम्ही सांगितलंत तेच. खोटं कशाला बोला?" तो म्हणाला. "सगळं ऐकलं त्यांनी. मधे मधे विचारत पण होत्या, मग काय झालं, मग काय झालं. हसत होत्या लई. चार वाजता पाठवा म्हणाल्या तुमच्या मिसेसना."

मी पायरीवर बसलो. जिथं तिला मान मिळायचा तिथं आमच्या घरचा तमाशा आधी पोचला होता. अशा खुळ्याच्या बायकोच्या हाती मुली कोण सोपवणार? बरं, घरी निरोप द्यायचा तर घरात फोन नाही. घरातला फोन आत काउंटरवर, धूळ या सदराखाली जमा होत होता. कार्ड काढून घेतलं आणि मिळेल त्या रिक्षानं घर गाठलं.

बायको दारातच उभी होती. टेबलावर सांडलेली बोरिक पावडर, सोफ्याच्या उशीला स्पिरिटचा वास आणि कोपऱ्यात वकिलांचा पंप. तिला सगळं समजलं होतं. मी खाली मान घालून म्हटलं, "फोन आला होता. चार वाजता बोलावलंय." वॉचमनचं काही सांगितलं नाही.

चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. शिवलेला नमुना तिनं पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या आणि गेली.

मग मी एकटाच बसलो. बघायला फोनही नव्हता. मला भीती वाटत होती, उगाच लपवायचं कशाला? आयुष्यात एकदा तिनं काहीतरी हवंय म्हटलं होतं, आणि ते मी, माझ्या हातांनी, स्वच्छ धुतलेल्या हातांनी, घालवलं होतं. इंजिनिअर पायऱ्या उतरताना माझ्या दारापुढून चवड्यांवर गेले. माणसाला लाज असते, नाही असं नाही.

दिवेलागणीला ती आली. पिशवी खुर्चीवर ठेवली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "मिळाली."

मला इतकं बरं वाटलं की मी उठून तिचा हात धरला. रस्ता ओलांडायचा नसताना हात धरण्याची आमची ही पहिलीच वेळ असावी. तीही जरा बावरली.

"कशी काय मिळाली पण?"

"अहो, तिथे नवी कोरी मशीन आहेत. रांगेनं. आधीच्या बाईंनी ती खराब होतील म्हणून झाकूनच ठेवलेली. मुली कागदावर टाके काढायला शिकत होत्या. प्राचार्याबाईंनी आम्हा दोघींना एकच विचारलं, मुलींच्या हातात ही मशीन देताना काय काळजी घ्याल? त्या दुसऱ्या बाई म्हणाल्या, कुलूप लावीन, मुलींना हात धुवायला लावीन, आळीपाळीनं एकेकीलाच बसू देईन, मशीन तापलं की निवू देईन."

"बरोबर आहे की!" मी म्हटलं. "बाई हुशार दिसतात."

"मी म्हटलं, सुया मोडतील त्या मोडू देत. रोज सगळ्या मुली सगळ्या मशीनवर बसतील. न वापरता जपलेल्या वस्तूचं काय होतं ते मी घरी बघते." ती थांबली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. "तर त्या म्हणाल्या, म्हणजे सकाळी त्या वॉचमननं सांगितलं ते खरं होतं? मला वाटलं थट्टा करतोय. मग मी तुमचे फोनचे नियम पहिल्यापासून सांगितले. दोघी हसून हसून बेजार. त्या दुसऱ्या बाई आधीच उठून गेल्या होत्या, म्हणून बरं."

मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. स्वाभिमान म्हणून काही चीज असते की नाही?

"तुम्हाला बोलावलंय त्यांनी," ती म्हणाली. "सोमवारी, पहिल्याच तासाला. म्हणाल्या, घेऊन याच त्यांना, मुलींच्या मनावर चांगलं ठसेल."

मी जरा सावरून बसलो. झालं गेलं ते सोडा, पण वस्तूंची निगा या विषयावर एका शिक्षण संस्थेला माझी आठवण व्हावी, यात अगदीच काही नाही असं म्हणता येणार नव्हतं. दोन मुद्दे तर तिथल्या तिथे सुचले.

"बोलायला साधारण किती वेळ देणार आहेत?" मी विचारलं.

"बोलायचं नाहीये," बायको म्हणाली. "नुसतं उभं राहायचंय."